नावावरची रेघ

श्मिन, हथोर महिन्याची अकरावी

कोलूथोस,

पत्राच्या सुरुवातीला प्रकृतीची चौकशी करायची असते, देवाने तुला सुखी ठेवावं असं म्हणायचं असतं. दुसऱ्यांची पत्रं लिहून देताना मी ते सगळं न चुकता घालते. आज माझ्या हातून ते होणार नाही. शिवाय तुला नेमकं कुठल्या देवाच्या हवाली करायचं हाही प्रश्नच आहे. माझा तर तुला चालत नाही.

चौदा महिने मी तुला पत्र घातलं नाही आणि आजही घातलं नसतं. पण काल सकाळी आपा सेरेनोस कामाच्या खोलीत आले आणि काखेतलं पुस्तक त्यांनी माझ्यासमोर पाटावर आपटलं. आपा सेरेनोस म्हणजे तू गेल्यावर आलेले नवे धर्मगुरू. वय तुझ्याएवढंच, पण चाल सत्तरीतल्या माणसाची.

"हे तुमच्याकडचंच ना?" त्यांनी विचारलं.

मी पुस्तक ओळखलं. जग कसं घडलं तिथपासून शास्त्रातले पूर्वज आपल्या मिसर देशात कसे आले तिथपर्यंतचं, बाबांनी आणि तू मिळून उतरवलेलं, चर्चसाठीचं. "हो," मी म्हटलं, "बाबांचं आणि माझ्या भावाचं काम आहे."

"वर्षभर पेटीत पडून होतं. यंदा पुनरुत्थानाच्या सणाला यातून वाचायचं म्हणून बांधून घेतलं. आता पहिलं पान बघा."

मी बघितलं. देवाचं नाव आपण पूर्ण लिहीत नाही. पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर आणि दोघांच्या डोक्यावर आडवी रेघ. तू आणि मी हे दुधाचे दात पडायच्या वयात शिकलो. रेघ चुकली की बाबा आपल्याला ओल्या फडक्याने पूर्ण पान पुसायला लावायचे. त्या पानावर सात ठिकाणी ती दोन अक्षरं होती आणि एकावरही रेघ नव्हती. रेघ नसली की ते नाव राहत नाही. नुसती दोन अक्षरं, कुणीतरी लिहिता लिहिता उठून गेल्यासारखी.

"ही चूक आहे की मत?" आपांनी विचारलं.

"चूकच असणार, आपा."

"सात वेळा? पुढची पानंही तशीच आहेत. चूक दमते, बाई. मत दमत नाही." मग म्हणाले, हे कुणाच्या हातचं आहे ते त्यांना कळलं पाहिजे. मोठा उपवास सुरू व्हायच्या रविवारी ते नाव सगळ्यांसमोर वाचलं जाईल आणि त्या माणसाला प्रभुभोजन बंद.

मी त्यांना काही सांगितलं नाही. पण मला माहीत आहे, आणि तुला तर आहेच.

तू गेलास तेव्हा मी इथे नव्हते. सासरी, नवऱ्याच्या आजारपणात अडकले होते. नंतर सगळं मला थेक्ला काकूने सांगितलं. तिचा विणायचा माग आपल्या भिंतीला लागून आहे आणि कान भिंतीच्या या बाजूला असतात. चर्चचा सेवक काम बघायला आला, त्याने वाळत घातलेलं एक पान उचललं, त्यावर रेघा नव्हत्या. कुणी काही बोलायच्या आत तू म्हणालास, "मी लिहिलंय. मुद्दाम. ज्याने हा चिखल केला त्याच्या नावावर मी रेघ ओढणार नाही." बाबा उठले. तू त्यांच्या तोंडावर म्हणालास, "तुमचा देव आंधळा आहे." ते म्हणाले, चालता हो. तू चालता झालास, नदीच्या वरच्या अंगाला, त्या जाणत्या म्हणवणाऱ्यांच्या वस्तीत. ते पान बाबांनी पुन्हा लिहिलं आणि प्रकरण एका पानावर मिटलं असं सगळ्यांना वाटलं.

तर ते एका पानावर मिटलेलं नाही. म्हणून तू इथे यायचं आहेस. स्वतःच्या हाताने त्या रेघा ओढायच्या, आपा सेरेनोसांपुढे उभं राहायचं, आणि मग खुशाल परत जायचं. बाबांकडून हे होणार नाही. तुला कुणी कळवलं नसेल तर कळवते, बाबांची दृष्टी चार महिन्यांपूर्वी, एपेप महिन्यात पूर्ण गेली. तुझ्या त्या एका वाक्याचा त्यांनी फारच मान ठेवला.

पुस्तकाचं त्यांना काही बोलले नाही. बोलणारही नाही. ते तुझी आठवण काढत नाहीत.

हेराइस


श्मिन, कियाक महिन्याची चौथी

कोलूथोस,

तुझं उत्तर पामिन नावाड्याने आणून दिलं. हसत हसत आला. "तुमचा भाऊ मासा खात नाही म्हणे आता. मासा त्या खालच्या देवाने केलाय म्हणतो. मग डाळ कोणी केली, विचारा की त्याला." विचारते. डाळ कोणी केली, कोलूथोस?

पत्र मी तीन वेळा वाचलं. अक्षर अजून बाबांचंच आहे, डोळे मिटून दोघांची पानं एकमेकांत मिसळली तर मलाही वेगळी करता यायची नाहीत. त्या अक्षरात असलं काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मला समजलं ते असं. खरा पिता फार वर आहे. त्याला नाव नाही, रूप नाही. तो काही करत नाही, कारण ज्याला काही कमी आहे तोच काहीतरी करायला जातो. त्याच्या तेजातून एकेक तेज निघत गेलं, त्यातलं शेवटचं म्हणजे प्रज्ञा. तिला एकटीनेच काहीतरी जन्माला घालावंसं वाटलं आणि जे जन्मलं ते आंधळं निघालं. त्या आंधळ्याने हे आकाश, ही नदी, हे देह केले आणि आपल्या वर कुणी आहे याचा पत्ता नसल्यामुळे स्वतःलाच देव म्हणवून घेतलं. आपल्या आत मात्र वरच्या उजेडाची एक ठिणगी राहून गेली आहे. तेवढंच आपल्यातलं दैवी. बाकी सगळी माती.

आणि हे तीन पानं सांगून झाल्यावर तळाला, "होय, मीच. मुद्दाम. येणार नाही. नाव सांगायचं असेल तर सांग."

तू मला अडाणी समजतोस हे मला माहीत आहे. तरी सांगते. जो काहीच करत नाही, कशाला हात लावत नाही आणि तरी सगळ्यांच्या वर बसतो, असे पुरुष मी पाहिले आहेत. माझ्या सासरी दोन होते. त्यांना दैवी म्हणायचं मला कधी सुचलं नाही. बाबांना सकाळी हाताला धरून अंगणात न्यावं लागतं. अंगावर सांडलेलं पुसावं लागतं. भाकरीचा तुकडा कुठे आहे ते सांगावं लागतं, नाहीतर ते ताटलीच्या कडेला चाचपत राहतात आणि मग उपाशी असूनही पोट भरलं म्हणतात. तुझा तो वरचा पिता यातलं काही करत नाही. तूही करत नाहीस. आंधळ्याने केलेल्या चिखलात राबायला मी एकटी.

आपा सेरेनोसांकडून तरी काही कळेल म्हणून त्यांना विचारलं, देवाचं देवपण कशात असतं, आपा? मला वाटलं एखादं वाक्य सांगतील. पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे की एकसारख्या तत्त्वाचे, आणि या दोन्हींत केवढा फरक आहे, आणि अलेक्झांड्रियात त्यावरून कोण कुणाशी बोलत नाही, यात त्यांनी अर्धी सकाळ घेतली. माझी डाळ करपली. तुम्ही दोघं सारखेच आहात. देवाची पत्रं जणू फक्त तुम्हालाच येतात.

आपण लहान असताना बाबा पान संपलं की हात धुवायचे, दोन पावलं मागे सरकायचे आणि पानाकडे बघत राहायचे. मग म्हणायचे, बरं झालंय. पहिल्या पानावर देवही तेच करतो, करतो आणि बघतो आणि बरं झालं म्हणतो. मला देव समजला तो एवढाच. त्याच नावावरची रेघ तू खाल्लीस, आणि तीही बाबांच्या शेवटच्या पुस्तकात.

म्हणून काल मी आपांना तुझं नाव सांगितलं. मेशिरच्या एकोणिसावीला, रविवारी ते वाचलं जाईल. तूच सांग म्हणालास आणि मी सांगितलं. मला त्याचं काही वाटत नाही.

हेराइस


श्मिन, तोबे महिन्याची सव्विसावी

खोटारड्या,

आपांनी पुस्तक माझ्याकडे दुरुस्तीला दिलं. उपवासाच्या आत सगळ्या रेघा भरून हव्यात. कुठे कुठे नाहीत हे आधी पाहून ठेवावं म्हणून मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पानं चाळायला बसले.

एकत्र शिवलेल्या पानांच्या पहिल्या तीन जुड्या, एकही रेघ नाही. मी तुला शिव्या देत पानं उलटत होते. चौथ्या जुडीपासून रेघा सुरू झाल्या. सुबक, सरळ, एकसारख्या, नवव्या जुडीपर्यंत. मला वाटलं, हे बाबांचं. पाहा, म्हातारा माणूस कसा काम करतो आणि पोरगा कसा. मग दहावी जुडी उघडली आणि रेघा पुन्हा गायब. तिथून शेवटपर्यंत नाहीत.

दहाव्या जुडीत ती गोष्ट सुरू होते, ज्याला भाऊच विकून टाकतात आणि जो आपल्या या देशात येतो त्या मुलाची. ती गोष्ट तू लिहिलेली नाहीस, कोलूथोस. तू तेव्हा इथे नव्हतासच. मी सासरहून परत आले तेव्हा बाबांनी पहिली गोष्ट मला हीच सांगितली होती, की मुलगा गेला पण काम अडलं नाही, शेवटच्या तीन जुड्या मी एकट्याने केल्या. अजूनही येईल त्याला सांगतात.

मी पुस्तक मिटलं आणि थेक्ला काकूकडे गेले. म्हटलं, काकू, त्या दिवशी काय झालं ते पुन्हा सांग, पण या वेळी तुझं मत न घालता सांग. तिला राग आला, पण सांगितलं. सेवकाने पान उचललं आणि विचारलं, "होरियोन, हे पान तू लिहिलंस का?" बाबांना विचारलं होतं. नाव घेऊन. "आणि म्हातारा बोलायला तोंड उघडत होता बघ," काकू म्हणाली, "तेवढ्यात तुझा भाऊ मध्ये घुसला."

म्हणजे तुला माहीत होतं. बाबांना दिसत नाही हे आम्हा सगळ्यांच्या आधी तुला कळलं होतं. सेवकासमोर ते उघडं पडलं असतं तर लेखनिक होरियोन त्याच दिवशी संपला असता. म्हणून तू म्हणालास मी लिहिलं, मुद्दाम लिहिलं. आणि वर त्यांच्या वर्मावर घाव घातलास, म्हणजे ते तुझ्यावर ओरडतील आणि पान डोळ्यांशी नेऊन बघणार नाहीत. बरोबर ना? मधल्या सहा जुड्या तुझ्या. ज्याच्या नावावर रेघ ओढणार नाही म्हणून गावभर बोंब केलीस, त्याच्या प्रत्येक नावावर तू रेघ ओढलेली आहेस.

आणि मी तुला पत्र लिहिलं तेव्हा तू मला काय कळवलंस? होय, मीच. मुद्दाम. तीन पानं भरून तेज आणि प्रज्ञा आणि ठिणग्या. त्यापेक्षा एक खरं वाक्य लिहायला काय झालं होतं? मला तू तुझं नाव सांगू दिलंस. मी सांगून बसले. आता मी काय करू?

आपांकडे गेले होते. म्हटलं, मी चुकले, ते नाव मागे घ्या. ते म्हणाले, "घेतो. मग दुसरं कोणतं?" मी तशीच घरी आले. बाबा अंगणात उन्हात बसले होते आणि पामिनच्या बायकोला सांगत होते, की यंदा सणाला सगळं गाव माझं पुस्तक ऐकणार, एक खोट सापडायची नाही त्यात.

मला एकच सांग. तुला ते सगळं, तो आंधळा देव आणि ती ठिणगी, खरंच पटतं? की तसं बोलून बसल्यावर तुला जायला दुसरी जागाच उरली नाही?

हेराइस


श्मिन, मेशिर महिन्याची तेरावी

कोलूथोस,

तुझ्या चिठ्ठीत चार ओळी आहेत. "ताई, गप्प राहा. त्यांचं शेवटचं पुस्तक आहे ते. माझं नाव वाचू दे, मला इथे काही फरक पडत नाही. तू विचारलंस त्याचं उत्तर असं, की आधी ते खोटं होतं, मग रोज ऐकून खरं झालं, आणि आता त्यातलं माझं किती ते मलाच कळत नाही."

गप्प राहा. बाबांनी डोळे गेल्याचं गप्प ठेवलं. तू पान गप्प ठेवलंस. आता मी गप्प राहायचं. या घरात सगळ्यांनाच तुझ्या त्या वरच्या पित्यासारखं व्हायचंय, काही सांगायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. मला कंटाळा आलाय तुम्हा दोघांच्या मोठेपणाचा. तू इतका चांगला वागलास की माझं डोकं उठलंय.

तर आता ऐक. परवा सकाळी मी रेघा भरायला बसले. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आडवं पानावर येत होतं. बारीक बोरू घेतला, शाईत बुडवला, पहिल्या नावावर टेकवला. आणि बोरू आपणहून गेला. मी ओढला नाही. गाडीचं चाक चाकोरीत जातं तसा तो डावीकडून उजवीकडे गेला आणि जिथे थांबायला हवं तिथे थांबला.

मी बोरू खाली ठेवला. पान उचलून उन्हात तिरपं धरलं. पानाच्या चामड्यावर ओरखडा होता. बारीक, सरळ, त्या दोन अक्षरांच्या बरोबर डोक्यावर. दुसऱ्या नावावरही होता. सातही नावांवर होता. मी पुढचं पान धरलं, त्याच्या पुढचं धरलं. पहिल्या तीन जुड्या आणि शेवटच्या तीन जुड्या, प्रत्येक नावावर रेघ आहे. फक्त तिला शाई नाही.

बाबांची पद्धत तुला आठवते. अक्षरं जाड बोरूने लिहायची, रेघा तेव्हा ओढायच्या नाहीत. पान पूर्ण झालं की हात धुवायचे, बारीक बोरू घ्यायचा आणि सगळ्या रेघा एका बैठकीत ओढायच्या. मी फळीवरून त्यांची शाईची पाटी काढली. तिला दोन खळगे आहेत, एक काळ्या शाईचा, एक लाल शाईचा. लाल शाई आई करायची. आई गेल्यापासून तो खळगा कोरडा आहे. बारीक बोरू पाटीच्या खाचेत होता, त्याच्या टोकाला शाईचा डागसुद्धा नव्हता.

दोन बोटांच्या अंतराने चुकले ते. दर खेपेला हात धुऊन, कोरड्या खळग्यात बोरू बुडवून, न दिसणाऱ्या नावावर न दिसणारी रेघ ओढत होते. हाताला जागा पाठ होती.

तू पान सरळ धरून बघितलंस. सेवकानेही, आपांनीही, मीही. तुम्ही जाणते, तुम्हाला सगळं आतलं कळतं, आणि उन्हात पान तिरपं करायचं तेवढं सुचलं नाही! तू म्हणालास करणारा आंधळा आहे. असेल. पण त्याने एकही नाव सोडलेलं नाही, कोलूथोस. हे तुझ्या लोकांना विचार आणि ते काय म्हणतात ते मला कळव.

मी बाबांना उद्या सांगणार आहे. मला सांगायचं नाही. पण रविवार जवळ आलाय आणि तुम्हा दोघांच्या मौनाखाली तिसरं मौन घालायची माझी तयारी नाही.

हेराइस


श्मिन, मेशिर महिन्याची एकविसावी

कोलूथोस,

हे पत्र चामड्याच्या तुकड्यावर का, ते शेवटी सांगते.

मी बाबांना सकाळी खाताना सांगितलं. म्हणजे सांगितलं नाही. पहिलं पान त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांचं बोट धरून पहिल्या नावाच्या डोक्यावर ठेवलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"रेघ. दुसरं काय असणार?"

"बाबा, तिला शाई नाही."

ते हसले. मग त्यांनी बोट पुन्हा फिरवलं, पुन्हा फिरवलं, दुसरं नाव स्वतः शोधलं. दुसऱ्या हातात कांद्याचा तुकडा तसाच होता.

"किती पानांवर?"

"तुम्ही केलेल्या सगळ्या."

"आणि त्याने केलेल्या?"

"त्यांवर आहे शाई. सगळ्यांवर."

त्यांनी कांद्याचा तुकडा चाचपत ताटलीत ठेवला. मला वाटलं रडतील, रडले असते तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाले, "त्या दिवशी तो मला ओरडू देत होता." आणि लगेच, "माझ्या वहाणा कुठे आहेत?"

आम्ही चर्चला गेलो. भर दुपारी, माझ्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्या गल्लीदेखत. गेले सात महिने ते असे कधी बाहेर पडले नव्हते, कारण लोकांना कळेल. आपा सेरेनोस दारातच भेटले. बाबांनी नमस्कार वगैरे काही केला नाही. हात पुढे करून आपांचा हात शोधला आणि त्यांचं बोट पानावर दाबलं.

"लागतंय का काही?"

"नाही, होरियोन," आपा म्हणाले.

"लागणार नाही. तुम्ही बोटांनी फक्त आशीर्वाद देता. हेराइस, पान उन्हात धर."

मी धरलं. आपा वाकले. मग त्यांनी पान माझ्या हातातून घेऊन स्वतः तिरपं केलं, मग दुसरं पान, मग तिसरं. अलेक्झांड्रियाचं त्यांना त्या दिवशी काही आठवलं नाही.

"तुम्ही विचारलं होतंत म्हणे, चूक की मत," बाबा म्हणाले. "चूक आहे. माझी. मला दिसत नव्हतं आणि ते मी लपवलं. मुलाचं यात कुठलंच मत नाही."

"पण मुलगा त्या लोकांत आहे ना?"

"आहे. मी घालवला म्हणून आहे."

रविवारी कुणाचंच नाव वाचलं गेलं नाही. आपा एवढंच म्हणाले, शाई मात्र भरा, वाचणाऱ्याला रेघ दिसली पाहिजे. भरायचं काम अर्थात माझ्याकडे. गेले चार दिवस त्यांच्या ओरखड्यातून बोरू फिरवतेय आणि तो कुठेही अडखळत नाही.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. गावाला कळलं. लोक फार प्रेमाने वागतात आता, वाटेत हात धरतात, मोठ्याने आणि सावकाश बोलतात, जणू डोळ्यांबरोबर कानही गेले. बाबांना ते सहन होत नाही. पुस्तकाचं नाव काढत नाहीत. कालपासून नीट जेवले नाहीत. तुझं नाव वाचलं गेलं असतं तर ते अजून अंगणात बसून बढाया मारत असते, हे मलाही समजतं. तुझा हिशेब चुकला नव्हता. मला तो मान्य नव्हता, एवढंच.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की ते तुझी आठवण काढत नाहीत. रोज काढतात. रोज सकाळी अंगणात बसवलं की विचारतात, नदीवरून कोणी आलं का. मी रोज नाही म्हणते आणि त्यांच्यावर चिडते, कारण तुझ्यावर चिडायला तू इथे नसतोस. आणि मी तुझं नाव सांगितलं तेव्हा मला काही वाटत नाही असं लिहिलं, तेही खोटं. मला तेव्हाही वाटलं, आता तर फारच वाटतं. मला माफ कर.

तू यावंस असं मला वाटतं. तू येशील असं वाटत नाही. तुझे लोक तुला सांगतील की बाप देहाचा आणि देह मातीचा. आलास तर तुझ्या त्या नाव नसलेल्या पित्यालाही आण. तो काही खात नाही, काही बोलत नाही, त्याची घरात अडचण होणार नाही. मी डाळ करेन. ती कुणी केली हे या वेळी विचारणार नाही.

आता चामड्याचं. बाबा म्हणाले, पत्रात मलाही लिहायचं आहे, पण लव्हाळ्याच्या कागदावर नको, पुस्तकाच्या कातडीचा उरलेला तुकडा घे. काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाले, तू नको लिहूस, मी लिहितो. हात धुतले. बारीक बोरू मागितला. पाटी स्वतः चाचपली आणि बोरू बुडवला, लाल खळग्यात. मी बघत होते. चुकून की जाणून, मला सांगता येणार नाही, आणि मी त्यांना काही बोलले नाही.

खाली मोकळी जागा दिसते ना, तिथे त्यांनी तुझं नाव लिहिलं आहे. पूर्ण नाही, पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर. मग त्यांनी वर रेघ ओढली. मी म्हटलं, बाबा, माणसाच्या नावावर ही ओढत नाहीत. म्हणाले, "मला शिकवतेस?"

खिडकीशी जा आणि पत्र तिरपं धर.

हेराइस